हंसाच्या नावाचा चिनी मनोरा आणि आपल्या पुस्तकातला युआन श्वांग



आपल्या इतिहासाच्या पुस्तकात युआन श्वांग एका ओळीत येतो आणि एका ओळीत जातो. चिनी प्रवासी, हर्षवर्धनाच्या काळात भारतात आला, नालंदेला शिकला. झालं. मुलं एवढं पाठ करतात आणि रिकाम्या जागा भरतात. (पालकांनी शाळेत असताना हेच नाव ह्यू-एन-त्संग असं वाचलं असेल. माणूस एकच, लिहिण्याची पद्धत बदलली. मूळ चिनी उच्चार श्युएन-त्सांग याच्या जवळचा आहे.) पण तो परत गेला, त्यानंतर काय झालं? इथून नेलेल्या ग्रंथांचं त्याने काय केलं? याचं उत्तर चीनच्या शियान शहरात आजही विटांच्या रूपात उभं आहे. त्या मनोऱ्याची ओळख आज करून घेऊ. वर्गात युआन श्वांग शिकवताना ती नक्की उपयोगी पडेल.

चिनी भाषेत या मनोऱ्याला 'दा-यान-था' म्हणतात, म्हणजे मोठा रानहंस मनोरा. तो 'दा त्स-अन' नावाच्या बौद्ध मंदिराच्या आवारात आहे. शियान म्हणजे जुनं चांगआन, थांग घराण्याची राजधानी. राजपुत्र ली चृ (पुढे सम्राट गाओत्सुंग) याने 648 साली आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ हे मंदिर बांधलं आणि युआन श्वांगला तिथे भाषांतराच्या कामासाठी आणलं.

युआन श्वांग 645 मध्ये चांगआनला परतला होता. गेला होता तेव्हा सरकारी परवानगी नव्हती, चोरून सीमा ओलांडली होती. आला तेव्हा मात्र स्वागताला गर्दी लोटली. बरोबर 657 ग्रंथ आणि बुद्धमूर्ती होत्या, वीस घोड्यांवर लादलेल्या. आता हे सगळं ठेवायचं कुठे? लाकडी इमारतींच्या शहरात आगीची भीती कायमची, आणि काळाच्या ओघात ग्रंथ विखुरले जाण्याची भीती वेगळी. म्हणून 652 साली त्याने सम्राटाकडे दगडी मनोऱ्याची मागणी केली. उंची 300 चिनी फूट, म्हणजे जवळपास 90 मीटर! सम्राटाने कळवलं की दगडाचं एवढं मोठं काम लवकर व्हायचं नाही, विटांचं करा. खर्चासाठी राजवाड्यातल्या मृत व्यक्तींच्या मागे राहिलेली वस्त्रं आणि वस्तू देण्यात आल्या. शेवटी पाच मजल्यांचा, 180 चिनी फुटांचा मनोरा उभा राहिला. त्याचं चरित्र लिहिणाऱ्या शिष्याने नोंदवलंय की पन्नाशीतला हा पंडित स्वतः टोपलीतून विटा वाहत होता.

म्हणजे मुलांना सांगताना 'मंदिराचा मनोरा' एवढंच सांगून थांबू नका. हे मुळात ग्रंथ जपण्यासाठी बांधलेलं कोठार होतं. स्तूपात अवशेष ठेवतात, इथे त्याच आदराने पोथ्या ठेवल्या. आणि पॅगोडा हा प्रकारच स्तूपापासून निघालेला आहे. चिनी भाषेतला 'था' हा शब्दसुद्धा स्तूप किंवा पालीतल्या 'थूप' या शब्दाचंच आखूड झालेलं रूप.

नावात हंस कुठून आला?

याच्या दोन-तीन कथा सांगतात. त्यातली युआन श्वांगनेच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलेली कथा मगधातली, म्हणजे आजच्या बिहारमधली आहे. तिथल्या एका विहारातले भिक्खू काही अटी पाळून मांस खात असत. एके दिवशी जेवायला काहीच मिळालं नाही. आकाशातून हंसांचा थवा चालला होता. एक भिक्खू थट्टेने म्हणाला की आज आमची उपासमार आहे, हे बोधिसत्त्वाला कळायला हवं. त्याच क्षणी थव्यातला पुढचा हंस खाली कोसळून मेला. सगळे खजील झाले. त्यांनी त्या हंसाला पुरून वर स्तूप बांधला आणि मांस खाणं सोडलं.

इथे एक गंमत सांगतो. हंस म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर चित्रातला पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी येतो. पण जुन्या संस्कृतातला हंस म्हणजे रानहंस, आणि तोही डोक्यावर काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. हिमालय ओलांडून हिवाळ्यात जायकवाडीला येतो, तोच हा पक्षी. त्यामुळे 'यान' या चिनी शब्दाचं कोणी 'जंगली बदक' असं भाषांतर केलेलं दिसलं तर सरळ हंस म्हणा. मूळ कथेत शब्द तोच आहे.

हरवलेल्या पोथ्यांची यादी

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त भिडलेली गोष्ट पुस्तकात कुठेच येत नाही. परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना युआन श्वांग हत्तीवर होता आणि ग्रंथ नावेत होते. वादळी लाटांनी नाव हेलकावली, ग्रंथांची राखण करणारा माणूस पाण्यात पडला. त्याला वाचवलं, पण पन्नासेक पोथ्या आणि भारतातून घेतलेल्या फुलांच्या बिया वाहून गेल्या.

मनोऱ्याचं काम सुरू झालं त्याच वर्षी भारतातून एक भिक्खू त्याच्यासाठी पत्र घेऊन चांगआनला पोहोचला. पत्र बोधगयेच्या महाबोधी विहारातून आलं होतं. प्रज्ञादेव नावाच्या जुन्या परिचिताने ते लिहिलं होतं आणि सोबत भेट म्हणून पांढऱ्या कापडाची जोडी पाठवली होती. युआन श्वांगने 654 मध्ये उत्तरं पाठवली. एक प्रज्ञादेवाला, एक नालंदेच्या ज्ञानप्रभाला. तोपर्यंत त्याला कळलं होतं की नालंदेचे आपले गुरू शीलभद्र आता हयात नाहीत. ज्ञानप्रभाच्या पत्रात त्याने गुरूंबद्दलचं दुःख लिहिलं, किती ग्रंथांचं भाषांतर झालं ते कळवलं आणि सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी जोडून दिली. कोणी इकडे येणारं असलं तर यांच्या प्रती पाठवा, अशी विनंती केली. घटना घडून दहा वर्षं होऊन गेली होती, पण यादी तोंडपाठ असावी तशी होती! हा भाग वर्गात सांगितला तर युआन श्वांग मुलांना माणूस वाटू लागेल.

664 साली त्याचं निधन झालं. तोपर्यंत त्याने सहकाऱ्यांसह 75 ग्रंथांचं भाषांतर केलं होतं, एकूण 1335 गुंडाळ्या. यातल्या काही ग्रंथांचं मूळ संस्कृत आज आपल्याकडेही उरलेलं नाही, ते चिनी भाषांतरातूनच कळतात.

आपला महाराष्ट्र या मनोऱ्याशी कसा जोडलेला आहे?

परतल्यावर सम्राट थायत्सुंगने त्याला पाहिलेल्या देशांची माहिती लिहायला सांगितली. 646 मध्ये ते प्रवासवर्णन पूर्ण झालं. त्यात 138 देश आहेत आणि त्यात 'मो-हो-ला-छा' म्हणजे महाराष्ट्रही आहे. साधारण 641 च्या सुमारास तो इकडे आला. तेव्हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसं स्वाभिमानी, उपकार न विसरणारी, पण अपमान झाला तर सूड घेणारी, आणि तोही आधी शत्रूला कळवून, असं त्याने लिहिलंय. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात. युद्धापूर्वी हत्तींना दारू पाजतात. हर्षाला हा प्रदेश जिंकता आला नाही, हेही तो नोंदवतो. ऐहोळच्या 634 च्या शिलालेखात पुलकेशीच्या बाजूने हीच गोष्ट येते. एकाच घटनेचे दोन वेगळे साक्षीदार! साधनांचा अभ्यास शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

राज्याच्या पूर्वेला डोंगराच्या खोल घळीत कोरलेला विहार आणि दाराशी दोन दगडी हत्ती, असंही वर्णन आहे. अजिंठ्याचं नाव त्याने घेतलेलं नाही, पण अभ्यासक ते अजिंठाच मानतात. गुंफा क्रमांक 16 च्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही आहेत. तो विहार बांधणाऱ्याचं नाव त्याने 'आचार' असं दिलंय आणि गुंफा 26 च्या लेखात 'अचल' नावाच्या स्थविराचा उल्लेख आहे. पण त्याच वर्णनात सत्तर फुटी बुद्धमूर्ती आणि तिच्यावर आधाराशिवाय तरंगणारी सात छत्रं येतात. असलं अजिंठ्यात काही नाही. ग्रंथातच म्हटलंय की 110 देश पाहिले आणि 28 देशांबद्दल ऐकलं. अजिंठ्याचा हा भागही बहुधा ऐकीवच. मुलांना दोन्ही वाक्यं द्या आणि कोणतं खरं धरायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

आज मनोरा पाहायला गेलं तर

आज दिसतो तो युआन श्वांगचा मूळ मनोरा नव्हे. त्याच्या मनोऱ्याला बाहेर विटा आणि आत माती होती. मातीत झाडं उगवली आणि पन्नास वर्षांत तो ढासळला. सम्राज्ञी वू हिच्या काळात, 701 ते 704 या वर्षांत तो पुन्हा आणि जास्त उंच बांधला. पुढची युद्धं, 1556 चा शान्शी प्रांतातला महाभयंकर भूकंप, मग मिंग काळात बाहेरून चढवलेला विटांचा नवा थर, एवढं सगळं सोसून आता सात मजले आणि सुमारे 64 मीटर उंची उरली आहे. चौकोनी, वर निमुळता होत गेलेला, नक्षीकाम फारसं नाही. रंगीत, वळणदार छपरांचा पॅगोडा डोक्यात ठेवून जाणाऱ्यांची थोडी निराशाच होत असेल.

मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं. आत लाकडी जिना आहे, अडीचशेच्या आसपास पायऱ्या. प्रत्येक मजल्यावर चारही बाजूंना कमानी आहेत आणि वरून शहराचे सरळसोट रस्ते दिसतात. बरेच लोक थेट जिन्याकडे धावतात, पण त्याआधी तळाच्या दक्षिण दाराशी थांबायला हवं. तिथे दोन्ही बाजूंना 653 चे शिलालेख आहेत. एक सम्राट थायत्सुंगने या भाषांतरांसाठी लिहिलेली प्रस्तावना आणि दुसरा त्याच्या मुलाचा लेख. अक्षर छू स्वेलियांग या नामवंत सुलेखनकाराचं. आपल्याकडून गेलेल्या पोथ्यांसाठी परक्या सम्राटाने लिहिलेली प्रस्तावना दगडात कोरलेली आहे, ती पाहून मगच वर चढावं.

थांग काळात राजसेवेची अवघड परीक्षा पास झालेले उमेदवार इथे येऊन आपली नावं लिहीत. बाय ज्यू-यी हा मोठा कवी 800 साली पास झाला, त्यानेही लिहिलं. आपल्याकडे शाळेच्या फळ्यावर गुणवंतांची नावं लावतात, तसाच प्रकार म्हणा ना! (आता कोणी भिंतीवर नाव लिहिलं तर काय होईल ते मुलांना विचारा.) मंदिराच्या दक्षिणेच्या चौकात हातात दंड घेतलेला युआन श्वांगचा पुतळा आहे. माकडराजाच्या चिनी गोष्टीतला, पश्चिमेकडे ग्रंथ आणायला निघालेला भिक्खू याच युआन श्वांगवरून घेतला आहे. ती गोष्ट मुलांनी कार्टूनमध्ये पाहिलेली असू शकते.

भूगोलाच्या शिक्षकांसाठी शेवटची एक गोष्ट. मनोरा एका बाजूला सुमारे एक मीटर कललेला आहे. विसाव्या शतकात शहरासाठी जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं, जमीन खचली आणि कल वाढत गेला. मग परिसरातला उपसा थांबवला आणि जमिनीत पाणी परत सोडलं. तेव्हापासून मनोरा वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात का होईना, हळूहळू सरळ होऊ लागला आहे.