वीस रुपयांचं तिकीट

पाऊस जरा थांबलाय. अलिबागच्या हिराकोट तलावापासून जवळच, निळ्या ताडपत्रीखाली, टायपिंगवाले काका प्रिंटरवरचं प्लास्टिक अर्धंच उघडतात. बाकावर कोळीवाड्यातले एक दादा बसलेत. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणून त्यांना सवड आहे.

दादा पिशवीतून कागद काढतात. घड्यांवर चिरत आलेला. ‘तपास सुरू असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.’ खाली सही, गोल शिक्का. बस्स. नकार दिला तर अपील कोणाकडे करायचं हेही कळवावं लागतं. ती ओळ नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या होडीचं इंजिन चोरीला गेलं. विमा कंपनीला ‘अ समरी’ हवी, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, असा पोलिसांचा अंतिम अहवाल. त्यावर कोर्टाचा आदेशही हवा. त्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणून दादांनी अहवालाची प्रत मागितली होती.

“मना तोंडी सांगतान तपास बंद झायला,” दादा म्हणतात, “न कागदावं लिवतान तपास चालू हाय. मंग खरा काय?”

मी मोबाइलवर पोलिसांची वेबसाइट उघडते. जिल्हा, ठाणं, तारीख. त्यांचा एफआयआर सापडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आदेश दिला, की संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर चोवीस तासांत, अगदीच अडचण असली तर बहात्तर तासांत वेबसाइटवर टाकायचे. आम्हा बातमीदारांचं निम्मं काम त्यानं सोपं झालं. पण पुढचं काही तिथे नाही. आरोपपत्रं अशी सर्वांसाठी खुली करता येणार नाहीत, असं त्याच न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. मला ते पटत नाही. आणि दादा तर कुणा तिऱ्हाइताची फाइल मागत नाहीत. ते स्वतः फिर्यादी आहेत.

अलिबागला ‘अ समरी’ नवी नाही. कावीरमधल्या २०१८ च्या आत्महत्या प्रकरणात २०१९ मध्ये तीच झाली होती, आणि ती आम्हाला कळवलीच नाही, असं फिर्यादी कुटुंबाचं म्हणणं होतं. २०२० मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं आणि नोव्हेंबरमध्ये देशभरचे कॅमेरे इथल्या कोर्टाबाहेर येऊन उभे राहिले. इंजिनाच्या चोरीसाठी कुणी येणार नाही. दादांना कागदाच्याच वाटेनं जायचंय.

काका जोडपत्र ‘ब’ उघडतात. पहिलं अपील. मी सांगते, ते टाइप करतात: तपास सुरू आहे एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्यानं तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये हे स्पष्ट केलंय. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी, कलम १९(५) प्रमाणे, नाकारणाऱ्याची. “आणि काका, हेही लिहा. तपास बंद झाला असेल तर अहवालाची प्रत द्या, सुरू असेल तर तसं तारखेसह लेखी द्या.”

दादा मान डोलावतात. हे वाक्य ते पुन्हा वाचून घेतात.

वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट दमट हवेनं आधीच पिशवीला चिकटलंय. काका ते नखानं अलगद सोडवतात, कोपरा फाटू देत नाहीत, डिंकाचं बोट फिरवतात, आणि दादा त्यावर अंगठा दाबून धरतात. जाळ्याच्या दोरीनं घट्टे पडलेला अंगठा. बराच वेळ उचलत नाहीत.

“दोन प्रती,” मी सांगते. “एकीवर पोच घ्या. शिक्का आणि तारीख बघूनच निघा.”

“किती दिस लागतीन?”

“तीस. फार तर पंचेचाळीस.”

“नारलीपुनवंच्या आंगोदर येल का?”

काका भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतात आणि पेनाच्या टोकानं दिवस मोजू लागतात.