गांधीलमाशीचे घर

सुरत शहरातील डिंडोलीत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. अशा एखाद्या घराच्या सज्जाखाली कागदासारखे करडे पोळे लोंबू लागले की ‘गांधीलमाशी’ म्हणून हाकाटी होते. गुजराती शेजारी तिलाच ‘भमरी’ म्हणतात. पोळे केव्हा काढावे, एवढाच प्रश्न मग उरतो. परंतु त्या पोळ्यात एक समाज नांदत असतो, आणि त्याचे व्यवहार जाणून घेण्याजोगे आहेत.

गांधीलमाश्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी दक्षिण भारतातील ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या जातीचा दीर्घ अभ्यास राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे सहकारी यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केला. या जातीत राणी आणि कामकरी दिसावयास सारख्याच असतात. अंडी एकटी राणी घालते; बाकीच्या अन्न आणतात, घर बांधतात, अळ्यांना भरवतात. विशेष हे की यांपैकी अनेक कामकरी माश्यांना प्रसंगी अंडी घालता येतात. मग त्या दुसरीची मुले का वाढवतात?

राणीच्या धाकाने, असे वाटणे साहजिक आहे. काही जातींत राणी चावून, ढकलून इतरांना दाबते हे खरे. येथील राणी मात्र शांत असते. तिच्या शरीरातील ग्रंथीच्या स्रावावरून इतरांना तिचे अस्तित्व कळते. तिला पोळ्यावरून दूर केले, की थोड्याच वेळात एक कामकरी एकाएकी आक्रमक होते. राणी परत आली तर ती निमूटपणे कामाला लागते. न आली तर काही दिवसांत तीच अंडी घालू लागते आणि हळूहळू शांत होते. इतर माश्या तिच्या वारसाहक्काला आव्हान देत नाहीत. ती वारस कोण, हे राणी असताना निरीक्षकाला सहसा ओळखता येत नाही!

आप्तांची संतती वाढविली तरी आपला वंश पुढे जातो, हे इंग्लंडच्या हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये गणिताने दाखविले. परंतु या पोळ्यात राण्या बदलतात, एकीचे नरही अनेक असू शकतात. त्यामुळे नाते विरळ होते. म्हणून आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागते. अंड्यापासून माशी होण्यास सुमारे दोन महिने लागतात, आणि कामकरी माशीचे आयुष्य पुष्कळदा त्याहून कमी असते. एकट्या आईने घर मांडले आणि ती मध्येच मेली, तर तिची सारी पिले मरतात. समूहात मात्र एकीचे अर्धवट राहिलेले काम दुसरी पुरे करते. तिचे कष्ट वाया जात नाहीत.

या घरात कुरबुरी नाहीत असे नव्हे. कामकऱ्यांत दांडगाई चालते, आणि तिच्यामुळे अन्न आणण्याच्या कामाला गती मिळते असे आढळले आहे. उद्याची राणी आज कोणाच्या तरी पिलांना भरवत असते. आणि तिचे आयुष्य पुरले नाही, तर तिने वाढविलेली पिले दुसरी कोणी सांभाळते.