घोड्यावर न बसणारा स्वार

एसटीच्या अगदी शेवटच्या सीटवर बसून कधी खड्ड्यांच्या रस्त्यानं गेलायत? खड्डा आला की आपण वर, मग धप्पकन खाली, आणि हातातला वडा शेजारच्या काकांच्या मांडीवर. त्याच गाडीत कंडक्टरकाका मात्र उभे असतात. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुटे पैसे. गाडी एवढी उसळते, पण त्यांचं डोकं जवळजवळ एका रेषेत पुढं जात असतं. पुढच्या वेळी त्यांच्या गुडघ्यांकडे बघा. किंचित वाकलेले, सैल. गाडी वर आली की दुमडतात, खाली गेली की उलगडतात. धक्के तिथंच जिरतात, वर पोचतच नाहीत.

आज मला सांगायचंय ते शर्यतीच्या घोड्यावरच्या जॉकीबद्दल. पण कंडक्टरकाकांना विसरू नका, ते पुढं लागणार आहेत.

घोडेस्वाराचं कौतुक करायचं तर आपण म्हणतो, 'काय पक्की मांड आहे!' मांड म्हणजे दोन्ही मांड्यांनी घोड्याला घट्ट धरून खोगिरावर ठाण मांडून बसणं. दिवसभराच्या दौडीला तीच हवी. पण शर्यतीतल्या जॉकीला मांडच नसते! घोडे सुटले की तो खोगिरावर बसतच नाही. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, इतक्या आखूड बांधलेल्या असतात की त्याचे गुडघे पार घोड्याच्या खांद्यांपाशी येतात. पायांचे चवडे तेवढे रिकिबीत, पाठ घोड्याच्या पाठीला समांतर, हनुवटी आयाळीच्या जरा वर, आणि बूड हवेत. एवढ्याशा आधारावर तो ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं जातो.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर सकाळी घोड्यांचा सराव चालतो. कुंपणाशी उभं राहून मी तो पाहिलाय. आधी जमीन धडधडते, ती तळपायांना कळते. मग नाकपुड्यांचा 'फुर्र, फुर्र' आवाज येतो, आणि घोडा समोरून निघून जातो. त्या क्षणी घोड्याकडे न बघता फक्त जॉकीच्या टोपीकडे बघायचं. खाली पाय, मान, शेपूट, सगळं उसळतंय, आणि टोपी मात्र ताणलेल्या दोरीवरून सरकावी तशी सपाट पुढं जातेय. माझ्या मते जॉकीची सगळी थोरवी त्या न हलणाऱ्या टोपीत आहे.

का, ते बघू. भरधाव घोड्याची एक झेप म्हणजे साधारण सहा-सात मीटर. सेकंदाला अशा दोनाहून जास्त झेपा. प्रत्येक झेपेत त्याचं धड वर जातं, खाली येतं. एवढंच नाही, पाय रेटले की ते पुढं हिसकतं आणि खूर टेकले की क्षणभर अडखळतं. आपल्याला दिसतो एकसारखा वेग, पण आत सारखं वर-खाली, पुढं-मागं चाललेलं असतं. आता समजा, पाठीवर पंचावन्न किलोचं तांदळाचं पोतं घट्ट बांधलंय. घोड्याला प्रत्येक झेपेत ते पोतंही उचलावं लागणार, हिसकावं लागणार, पुन्हा आवरावं लागणार. २४०० मीटरच्या शर्यतीत साडेतीनशेहून जास्त वेळा! खोगिरावर ठाण मांडून बसलेला माणूस म्हणजे घोड्याच्या दृष्टीनं असंच पोतं.

जॉकी काय करतो? कंडक्टरकाकांचं तंत्र वापरतो. घोडा वर आला की गुडघे दुमडतो, खाली गेला की उलगडतो. घोडा पुढं हिसकला की त्याला आपल्याखालून पुढं जाऊ देतो. वजन काही नाहीसं होत नाही हं, ते घोडाच पेलतो. पण त्या वजनाला गदागदा हलवण्याचे कष्ट मात्र वाचतात.

ही बैठक काही आपोआप सुचलेली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले जॉकी लांब रिकिबी सोडून, पाय सरळ ठेवून, ताठ बसायचे. रुबाबदार दिसायचं ते! १८९५ साली विली सिम्स नावाचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय जॉकी तिथं गेला. आखूड रिकिबी, पुढं झुकलेलं अंग. लोकांनी त्याची टर उडवली. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, टॉड स्लोन आला. हाही अमेरिकेचाच. त्यानं पुढं आपल्या आठवणींत लिहिलंय की एकदा त्याचा घोडा उधळला, त्याला आवरायला तो खोगिरावरून उठून थेट मानेवर ओणवा झाला. बघणारे हसले, पण स्लोनला जाणवलं की घोडा आता जास्त मोकळा पळतोय! इंग्लंडमध्ये त्याला 'काठीवरचं माकड' म्हणायला लागले. मग १८९८ मध्ये न्यूमार्केटला या माकडानं एकाच दिवशी लागोपाठ पाच शर्यती जिंकल्या. हसणाऱ्यांनी हळूहळू आपल्याही रिकिबी आखूड करून घेतल्या.

मला सिम्सबद्दल फार हळहळ वाटते. नाव गाजलं स्लोनचं, पण टर आधी सिम्सची उडाली होती. म्हणून त्याचंही नाव लक्षात ठेवा.

पुढं २००९ साली लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या संशोधकांनी घोड्यांवर आणि जॉकींवर मोजमापाची यंत्रं लावून हे तपासलं. जॉकी स्वतःला घोड्याच्या हिसक्यांपासून वेगळं ठेवतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. जुने निकाल चाळल्यावर असंही आढळलं की १९०० सालाच्या आसपास, ही बैठक रूढ होत असताना, मोठ्या शर्यतींच्या वेळा सात टक्क्यांपर्यंत सुधारल्या. सात टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? शर्यत अडीच मिनिटांची असेल, तर ती झाली दहा सेकंदं. दहा सेकंदांत शर्यतीचा घोडा दीडशे मीटर पळतो!

आता घोड्याच्या श्वासाकडे वळू, कारण तो फार अजब आहे. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, फक्त नाकानंच. आणि भरधाव पळताना त्याचा श्वास पायांशी बांधलेला असतो. एक झेप, एक श्वास. झेपेबरोबर पोटातले अवयव पुढं-मागं सरकतात आणि छातीतली हवा भात्यासारखी आत-बाहेर व्हायला मदत होते. पाठीवरचा माणूस वेडावाकडा आदळायला लागला, लगाम अवेळी खेचायला लागला, तर झेपेची लय बिघडते, आणि झेपेची बिघडली की श्वासाचीही बिघडते. म्हणून चांगल्या जॉकीचे हात घोड्याच्या मानेबरोबर पुढं-मागं जात असतात, लगामाचा ताण एकसारखा ठेवून. घट्ट आवळलेले नाहीत, सैल सोडलेलेही नाहीत. कपबशी घेऊन चालणाऱ्या आजीच्या हातांसारखे!

म्हणून मनगटाच्या जोरावर हे काम होतच नाही. घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा, त्याच्यापुढं आपला जोर तो काय? शर्यतीत बायका आणि पुरुष एकत्रच उतरतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्न कप नावाची ३२०० मीटरची मोठी शर्यत असते, हिरवळीवरची. २०१५ मध्ये ती मिशेल पेन या जॉकीनं जिंकली, 'प्रिन्स ऑफ पेन्झान्स' या घोड्यावर. ही शर्यत जिंकणारी ती पहिली बाई. घोड्याचा मोतद्दार होता तिचाच भाऊ स्टीव्ही. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, आणि घोड्यांची देखभाल तो अगदी मन लावून करतो.

हिरवळ म्हटलं की तिच्याकडेही बघायला हवं. अमेरिकेत बऱ्याच शर्यती मातीवर होतात, आपल्याकडे महालक्ष्मीला गवतावर. गवत म्हणजे जिवंत फरशी! ती रोज बदलते. पुण्यातल्या शर्यतींचा हंगाम असतो जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. रात्री सर आली की सकाळी जमीन निराळी. ती किती मऊ आहे ते मोजायला पेनिट्रोमीटर नावाचं साधं उपकरण असतं. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं आणि सळई जमिनीत किती रुतली ते बघायचं. पण मुरलेले जॉकी तेवढ्यावर थांबत नाहीत. ते शर्यतीआधी स्वतः पायी फिरून येतात. कुठं पाणी साचलंय, कुठं खुरांनी गवत उखडलंय, कुठं बुटाची टाच आत जाते, सगळं पायांनी वाचतात.

मग डोक्यात गणित सुरू होतं. तुम्हाला येणारं गणित आहे. वर्तुळाचा परीघ किती? दोन पाय आर. मैदानाचं वळण अर्धवर्तुळ आहे असं धरू. आतल्या कठड्यालगत पळणाऱ्या घोड्यापेक्षा तुमचा घोडा दोन मीटर बाहेरून पळाला, तर त्याला जास्त अंतर पडणार पाय गुणिले दोन, म्हणजे सव्वासहा मीटर. त्यात अडीच घोडे एकामागं एक उभे राहतील! आणि शर्यती तर कधी कधी नाकाच्या फरकानं ठरतात. मग सगळे आतूनच का पळत नाहीत? कारण आतली पट्टी सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळं तिथलं गवत आधी तुडवलं जातं. भुसभुशीत जमिनीवर जवळचा रस्ता, की घट्ट जमिनीवर लांबचा? शिवाय आत शिरलं आणि पुढचे दोन घोडे थकून मंदावले, तर कोंडी. बाहेर पडायला फट नाही. पण दुसऱ्याच्या मागं राहण्यात फायदाही आहे, पुढचा घोडा वारा कापतो, आपला घोडा आयता दमसास वाचवतो. हे सगळं ठरवायला वेळ किती? एक-दोन झेपा.

वळणावर आणखी एक गंमत असते. भरधाव घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्याच्या पुढं पडतो, त्याला म्हणू या म्होरक्या पाय. उजव्या वळणावर उजवा म्होरक्या असला तर तोल राहतो, डाव्या वळणावर डावा. तिकडं इंग्लंडमध्ये अ‍ॅस्कटचं मैदान उजवीकडे वळतं, एप्समचं डावीकडे. वळण संपून सरळ पट्टी लागली की जाणता जॉकी अंगाचा भार किंचित हलवून घोड्याला पाय बदलायला सुचवतो. दमलेल्या पायाला जरा विसावा मिळतो, आणि संपत आलेल्या घोड्यात पुन्हा जीव येतो. कुंपणाशी उभं राहिलं तर हा बदल दिसतोसुद्धा, एक छोटीशी लचकल्यासारखी उडी.

आणि घड्याळ? ते जॉकीच्या डोक्यात असतं. २०० मीटर बारा सेकंदांत म्हणजे ताशी साठ किलोमीटर. असे दोनशे मीटर बारात झाले की तेरात, हे न मोजता कळायला हवं. सुरुवातीला वाजवीपेक्षा जोरात पळवलं तर शेवटी घोड्याच्या पायांत शिसं भरतं. स्टीव्ह कॉथन या अमेरिकन जॉकीचं हे डोक्यातलं घड्याळ प्रसिद्ध होतं. लहानपणी तो गवताच्या भाऱ्यांवर स्वार होऊन सराव करायचा! पुढं तो इंग्लंडच्या हिरवळीवर गेला आणि १९८५ ची एप्सम डर्बी त्यानं 'स्लिप अँकर'वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढं राहून जिंकली, तीही सात घोड्यांच्या अंतरानं. पुढं राहून जिंकणं अवघड, कारण वेग ठरवायला समोर कुणीच नसतं.

मोठ्यांच्याही चुका होतात. १९५७ च्या अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत, म्हणजे मातीवरच्या शर्यतीत, विली शूमेकर हा फार मोठा जॉकी 'गॅलंट मॅन'वर होता. जिंकायच्या बेतात असताना त्याला वाटलं, शेवटची खूण आली, आणि तो रिकिबीत उभा राहिला. खूण पुढं होती! लगेच खाली झुकला, पण घोडा नाकाच्या फरकानं हरला. काही आठवड्यांनी बेलमाँटच्या शर्यतीत त्यानं त्याच घोड्याला आठ घोड्यांच्या अंतरानं जिंकवलं.

चाबकाबद्दल तुम्ही विचारणारच. मला तो अजिबात आवडत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शर्यतींचे टप्पे तपासले, तेव्हा दिसलं की घोडे सगळ्यात वेगात होते ते चाबूक उगारण्याच्या आधीच्या टप्प्यात. थकलेला घोडा माराने ताजातवाना होणार तरी कसा? आता बऱ्याच देशांत चाबूक मऊ आवरणाचा असतो आणि किती वेळा वापरायचा यावर बंधन असतं.

आपल्या मुंबईच्या पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली. महालक्ष्मीची ही २४०० मीटरची शर्यत १९४३ पासून होते. आठ वेळा त्या अडीच मिनिटांत पाठ, गुडघे, हात आणि डोकं शाबूत ठेवायचं, म्हणजे काय कष्ट असतील, ते तुम्हाला घरबसल्या कळू शकतं.

पलंगाजवळ उभे राहा, म्हणजे तोल गेला तर गादीवर पडाल. चवड्यांवर या. गुडघे दुमडा, पाठ जमिनीला समांतर करा, मान वर, नजर समोरच्या कॅलेंडरवर. आईची जुनी ओढणी लगामासारखी धरा आणि दुसरं टोक धाकट्या भावंडाकडे द्या. त्यानं ती घोड्याच्या मानेसारखी पुढं-मागं ओढायची आणि तुम्ही ताण सारखा ठेवायचा. कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा, अडीच मिनिटांचं. चाळीस सेकंदांनंतर मांड्या थरथरायला लागतील. तेव्हा डोकं हलू द्यायचं नाही, आणि अजून एक मिनिट पन्नास सेकंदं बाकी आहेत.