थडग्यांच्या भिंतींची रंगीत साक्ष

प्राचीन इजिप्तवरच्या पुस्तकांत अंत्ययात्रेची जी चित्रं आपण पाहतो, त्यांतली बरीचशी भिंतीसमोर बसून कोणीतरी हाताने रंगवलेल्या नकला असतात. नक्कल म्हटली की ती दुय्यम, असं आपण धरून चालतो. या चित्रांपुरती तरी ती समजूत सोडायला हवी, कारण या नकला म्हणजे भिंतीचं बारकाईने केलेलं वाचन आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९०७ साली लक्झरच्या पश्चिम तीरावरच्या थडग्यांची चित्रं उतरवायचं काम सुरू केलं. नॉर्मन डेव्हिस त्याचे प्रमुख. रंगीत नकलांत त्यांच्या पत्नी नीना यांचा हात विलक्षण होता. जलरंगातून कागदाचा पांढरेपणा डोकावतो, म्हणून नीना यांनी अपारदर्शक टेम्परा वापरला आणि प्राचीन चित्रकाराप्रमाणेच थरावर थर चढवले. वजीर रामोसेच्या थडग्यातला शोक करणाऱ्या बायकांचा घोळका पाहा. हात उंचावलेले, गालांवर अश्रूंच्या रेघा, मध्येच एक लहानशी विवस्त्र मुलगी. देह एकमेकांवर इतके दाटलेत की कोणता हात कोणाचा, हे ठरवावं लागतं. कॅमेरा हा प्रश्न तसाच सोडू शकतो. ब्रश धरणाऱ्याला प्रत्येक रेघ कुठून निघाली आणि कुठे संपली, याचा निर्णय घ्यावाच लागतो. नेबामुन आणि इपुकी यांच्या थडग्यात तर उभ्या ममीच्या पायाशी विधवा बसली आहे आणि मृताला पुन्हा खाता-बोलता यावं म्हणून ‘मुख उघडण्याचा’ विधी चालला आहे. तिथे कोण काय करतो आहे, हे कळल्याशिवाय नक्कल उतरतच नाही.

पण नकलाकाराची आवडनिवड त्यात मिसळणारच, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. जुन्या प्रवाशांनी काढलेल्या चित्रांत ही भेसळ सहज दिसते. डेव्हिस दांपत्याच्या पिढीने मात्र तुटलेला गिलावा आणि खरवडलेले चेहरे बहुधा जसेच्या तसे रंगवले. शिवाय नक्कल छायाचित्राशी ताडून पाहता येते. दुसरा आक्षेप असा की, आता डिजिटल स्कॅन आल्यावर ब्रशची गरज काय? अशा तंत्राने तुतानखामुनच्या कबरीची प्रतिकृती २०१४ साली लक्झरजवळ उभी राहिली आणि ती उत्तम आहे. पण स्कॅन टिपतो ती आजची भिंत. शंभर वर्षांपूर्वीची भिंत त्याला सापडणार नाही. ओला कागद दाबून ठसे घेण्याच्या जुन्या पद्धतीने तर कित्येक ठिकाणी मूळ रंगच उपटून आले. अशा नुकसानीनंतर आधीची रंगीत नक्कल हाताशी असली, तर तीच साक्षीदार ठरते.

नीना यांच्या निवडक नकला १९३६ साली अ‍ॅलन गार्डिनर यांच्या संपादनाखाली शिकागोहून प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर त्या असंख्य पुस्तकांत गेल्या, पण अनेकदा खाली फक्त ‘इजिप्शियन भित्तिचित्र’ एवढंच छापलेलं असतं. संपादकांनी आणि प्रकाशकांनी तिथे नक्कल करणाऱ्याचं नाव आणि सालही छापावं.