कप्प्यांचें धनुष्य

एखादें अतिशय अवघड काम कोणी अंगावर घेतलें, कीं त्यानें शिवधनुष्य उचललें, असें मराठींत म्हणण्याची वहिवाट आहे. या वाक्प्रचारांत धनुष्याविषयींची एक फार जुनी समजूत सांठविलेली आहे. धनुष्य म्हणजे मुख्यतः बाहुबलाची परीक्षा. जो तें वांकवील तो वीर, ही ती समजूत होय. हजारों वर्षें ती बरीचशी खरीहि होती. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत असें एक धनुष्य निघालें, कीं जें पुरतें ओढून झाल्यावर हातास हलकें लागतें. इंग्रजींत त्यास ‘कंपाउंड’ धनुष्य म्हणतात. हें हलकेपण कोठून येतें, त्यानें शिकारींत व खेळांत काय बदल झाला, आणि धनुर्विद्येचा कस त्यामुळें कमी झाला कीं वाढला, हे प्रश्न विचार करण्यासारखे आहेत.

प्रथम साध्या धनुष्याकडे पाहूं. लवचिक दांडा व त्याच्या दोन टोकांस बांधलेली दोरी, एवढेंच त्याचें साहित्य. दोरी जसजशी मागें ओढावी तसतसा ताण वाढत जातो आणि हात हनुवटीपाशीं किंवा कानापाशीं पोंचतो तेव्हां तो सर्वांत अधिक असतो. ज्या क्षणीं हात स्थिर, श्वास मंद आणि दृष्टि निश्चल हवी, नेमका त्याच क्षणीं शरीरावर सर्वांत मोठा भार पडतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचें ‘मेरी रोझ’ नांवाचें लढाऊ जहाज १५४५ सालीं बुडालें आणि त्याचा सांगाडा १९८२ सालीं वर काढण्यांत आला. त्या जहाजांत शंभराहून अधिक लांब धनुष्यें सांपडलीं व त्यांतील पुष्कळांचा ताण १०० पौंडांच्या वर असावा असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. एवढें ओझें ओढून धरून सावकाश नेम घेत बसणें मनुष्याच्या स्नायूंना झेपणारें नाहीं. म्हणून ओढणें, रोखणें व सोडणें या तीन क्रिया जवळजवळ एका दमांत उरकणें, हीच जुन्या धनुर्धराची विद्या होती.

येथें एक खुलासा केला पाहिजे. आशिया खंडांतील जुनीं धनुष्यें लांकूड, शिंग व जनावरांचे स्नायु एकत्र चिकटवून करीत. तीं निरनिराळ्या द्रव्यांच्या मिश्रणानें झालेलीं धनुष्यें होत. कंपाउंड धनुष्याचा विशेष त्याच्या द्रव्यांत नसून यंत्ररचनेंत आहे.

ही यंत्ररचना अमेरिकेच्या मिसूरी संस्थानांतील होलेस विल्बर ॲलन या गृहस्थानें योजिली. बाणाचा वेग वाढावा म्हणून त्यानें एका नेहमींच्या धनुष्याचीं टोकें करवतीनें कापून टाकलीं आणि त्या ठिकाणीं कप्प्या बसविल्या. पेटंटासाठीं त्याचा अर्ज १९६६ सालीं दाखल झाला व १९६९ च्या डिसेंबरांत पेटंट मंजूर झालें. तें विकण्याजोगें बनविण्याच्या कामीं टॉम जेनिंग्ज या धनुष्यें घडविणाऱ्या कारागिराचा मोठा हात होता. आरंभीं जुन्या वळणाच्या तिरंदाजांनीं या चाकें लावलेल्या वस्तूकडे उपहासानेंच पाहिलें. तथापि थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील शिकाऱ्यांमध्यें तिचा सर्वत्र प्रसार झाला.

आतां तिची करामत पाहूं. विहिरीवरील कप्पी बरोबर मध्यावर बसविलेल्या आंसाभोंवतीं फिरते, म्हणून घागर वर ओढतांना आरंभापासून अखेरपर्यंत जोर सारखाच लागतो. समजा, जात्याचा खुंटा मध्यावर नसून कडेकडे सरकवून ठोकला आहे. मग जातें फिरतांना त्याची एक बाजू खुंट्यापासून दूर व दुसरी जवळ राहील. ॲलनच्या कप्पीचा आंसहि असाच मध्यापासून ढळलेला आहे. धनुष्याच्या दोन्ही टोकांस अशी एकेक कप्पी असते. बाणाची दोरी कप्पीच्या एका खांचेंतून जाते, तर दुसऱ्या खांचेंतून निघालेली बळकट तार-दोरी समोरच्या टोकास जाऊन मिळते. तिरंदाज दोरी ओढतो तेव्हां कप्प्या फिरतात, तार-दोऱ्या गुंडाळल्या जातात आणि धनुष्याचे दोन्ही बाहू एकमेकांकडे वांकतात.

येथें तरफेचा नियम लागू होतो. आरंभीं बाणाची दोरी आंसाजवळून व तार-दोरी आंसापासून दूर जात असते, म्हणून ओढणारास फार जोर लागतो. कप्पी फिरत गेली कीं ही स्थिति उलटते. बाणाची दोरी आंसापासून दूर जाते, म्हणजे ओढणाराच्या हातीं लांब तरफ येते. आणि तार-दोरी आंसाजवळ आल्यामुळें बाहूंच्या ताणाची तरफ आंखूड होते. बाहू तर पूर्वींपेक्षां अधिक वांकलेले असतात, पण त्यांचा जोर आतां कप्पीवर पडतो आणि हातावर त्याचा थोडाच अंश येतो. ६० पौंडांच्या धनुष्यांत ही सूट शेंकडा ८० असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातानें पेलावयाचें ओझें अवघें १२ पौंड राहतें.

सूट मिळाली म्हणून बाणाची शक्ति कमी होते काय? मुळींच नाहीं. धनुष्यांत सांठणारी शक्ति केवळ शेवटच्या ताणावर अवलंबून नसते. सबंध ओढीमध्यें किती जोर किती अंतरभर लावला, यावर ती ठरते. साध्या धनुष्यांत जोर शून्यापासून हळूहळू चढतो, म्हणून ६० पौंडांच्या धनुष्यांत त्याची सरासरी साधारण निम्मीच पडते. कप्प्यांच्या धनुष्यांत जोर प्रथमच झपाट्यानें ६० पौंडांवर चढतो, बराच वेळ तेथेंच राहतो आणि अगदीं शेवटीं उतरतो. त्यामुळें कमाल ताण तोच असूनहि सांठा मोठा होतो. कांचतंतूंचे ताठ बाहू, ॲल्युमिनियमची मूठ आणि कार्बनतंतूंचे हलके बाण यांची जोड मिळाल्यावर आजचीं धनुष्यें सेकंदास ३०० फुटांहून अधिक वेगानें बाण फेंकूं शकतात.

या धनुष्याची एक शिस्तहि आहे. तें ज्याचें त्याच्या मापाचें असावें लागतें. हाताच्या लांबीप्रमाणें त्याची ओढ आधींच ठरविलेली असते व त्या हद्दीपुढें दोरी येत नाहीं. तसेंच बाण न लावतां ओढलेली दोरी कधींहि सोडूं नये. बाणानें न्यावयाची सारी शक्ति अशा वेळीं धनुष्यांतच कोंडते आणि बाहू फुटून तिरंदाजास इजा होण्याचा संभव असतो.

शिकारींत वेगाचें महत्त्व काय, तें साध्या गणितानें कळतें. हरिण ९० फुटांवर, म्हणजे ३० यार्डांवर, उभें आहे असें धरूं. ध्वनि सेकंदास सुमारें ११०० फूट जातो. म्हणजे दोरीचा टणत्कार सेकंदाच्या बाराव्या हिश्शांतच हरिणाच्या कानीं पडतो. बाणाचा वेग १८० फूट असेल तर त्यास अर्धा सेकंद लागतो. हरिण दचकून उडी घेण्यासाठीं पाय दुमडतें, त्याचें अंग खालीं जातें आणि बाण पाठीवरून निघून जातो, किंवा भलत्याच ठिकाणीं रुततो. वेग ३०० फूट झाला कीं हा अवधि सेकंदाच्या तीन दशांशांवर येतो. शिवाय अर्ध्या सेकंदांत बाण चार फूट खालीं येतो, तर तीन दशांश सेकंदांत दीड फुटाहूनहि थोडा कमी. म्हणून अंतराच्या अंदाजांतील चूकहि कमी भोंवते.

अमेरिकेंत धनुष्याच्या शिकारीस कायद्याची चौकट आहे. विस्कॉन्सिन संस्थानानें १९३४ सालीं हरणांसाठीं धनुर्धरांचा स्वतंत्र हंगाम ठेविला व पुढें इतर संस्थानांनींहि तसें केलें. बंदुकीच्या गोळीप्रमाणें बाण आघातानें मारीत नाहीं. त्याच्या अग्राचीं धारदार पातीं रक्तवाहिन्या कापतात आणि रक्तस्रावानें जनावर पडतें. म्हणून बाण काळीज व फुप्फुसें यांच्या आटोपशीर जागेंतच लागला पाहिजे. तो चुकला, तर जखमी प्राणी रानांत दूर जाऊन तडफडत मरतो. विवेकी शिकारी जवळ जाईपर्यंत थांबतो, तिरपा नेम घेत नाहीं आणि बाण लागल्यावर रक्ताचा माग सोडीत नाहीं. कप्प्यांच्या धनुष्यानें त्याच्या हातास स्थिरता दिली हें खरें. परंतु आपण लांबूनहि मारूं शकतों असा फाजील विश्वासहि त्यानेंच दिला. यंत्राचा पल्ला वाढला, तरी हरणाची दचकण्याची शक्ति कमी झालेली नाहीं. ब्रिटनमध्यें १९८१ च्या कायद्यानें वन्य प्राण्यांवर धनुष्य चालविण्यास मनाई केली आहे, आणि भारतांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीलाच बंदी घातली आहे. तेव्हां भारतांतील तिरंदाजास हें धनुष्य लक्ष्यफलकापुरतेंच उपयोगाचें आहे, आणि त्यांत खेद मानण्यासारखें कांहीं नाहीं.

लक्ष्यभेदाच्या खेळांत या धनुष्याचा थाट वेगळाच असतो. साध्या वळणाच्या धनुष्याची दोरी तिरंदाज बोटांनीं धरतो. येथें ती धरण्यासाठीं चाप असलेलें छोटें साधन वापरतात, म्हणजे बोटांच्या ओढाताणीनें बाण हेलकावत नाहीं. दोरींत डोळ्यासमोर येईल असें एक बारीक भोंक बसविलेलें असतें व पुढें भिंग आणि इवलीशी पाणसळ असते. मुठीपासून पुढें व बाजूस निघालेले लांब दांडे धनुष्य डळमळूं देत नाहींत. जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणें ताण ६० पौंडांहून अधिक चालत नाहीं. उघड्या मैदानांतील अंतर ५० मीटर, फलक ८० सेंटिमीटरांचा, आणि दहा गुणांचें पिवळें वर्तुळ केवळ ८ सेंटिमीटर व्यासाचें, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढें असतें. एका सामन्यांत पंधरा बाण, म्हणून अधिकांत अधिक गुण १५०.

एवढीं साधनें हाताशीं असतां चूक व्हावी कशी, असें वाटेल. डोळ्यापासून पुढील भिंगापर्यंतचें अंतर ८० सेंटिमीटर धरलें, तर भिंग अवघें पाऊण मिलिमीटर हललें तरी ५० मीटरांवर बाणाचा मध्य त्या वर्तुळाच्या कांठापलीकडे जातो. नाडीच्या ठोक्यानेंहि हात एवढा हलूं शकतो. साध्या धनुष्यांत ओझ्यामुळें वेळच मिळत नसे; येथें वेळ मिळतो आणि त्या वेळांत मन डगमगूं लागतें. आतां सोडूं कीं मग सोडूं, हा संशय मनांत शिरला कीं बोट चापावर अडतें किंवा झटका देतें. स्नायूंवरचें ओझें कप्पीनें उचललें. मनावरचें ओझें उचलणारी कप्पी कोणी केलेली नाहीं.

या कसोटीस उतरलेल्यांत महाराष्ट्राचीं मुलें आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. २०२३ च्या ऑगस्टांत बर्लिन येथें झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेंत ज्योती सुरेखा वेन्नम, अदिती स्वामी व परनीत कौर या तिघींनीं सांघिक सुवर्णपदक मिळविलें. त्या स्पर्धेच्या इतिहासांतील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होतें. लगेच दुसऱ्या दिवशीं साताऱ्याची अदिती, वयाच्या सतराव्या वर्षीं, १४९ विरुद्ध १४७ गुणांनीं वैयक्तिक विजेती ठरली. त्याच दिवशीं नागपूरच्या ओजस देवतळे यानें अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण मिळविले. प्रतिस्पर्धी पोलिश खेळाडूचे गुण होते १४९. पंधरांपैकीं एक बाण रेसभर ढळला, आणि जगज्जेतेपद गेलें! त्याच वर्षीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत या धनुष्याचीं पांचहि सुवर्णपदकें भारतानें जिंकलीं.

याहूनहि विचार करावयास लावणारें उदाहरण काश्मीरकडील किश्तवाड जिल्ह्याच्या शीतल देवी हिचें आहे. तिला जन्मतःच दोन्ही हात नाहींत. खुर्चीवर बसून ती पायानें धनुष्य धरते, खांद्याच्या आधारानें दोरी ओढते आणि जबड्याच्या हालचालीनें बाण सोडते. २०२४ सालीं पॅरिस येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत राकेश कुमार यांच्या जोडीनें तिनें मिश्र सांघिक कांस्यपदक मिळविलें. ज्या विद्येस बाहुबलाची विद्या म्हणत, ती बाहूंवांचून साधली. आणि पूर्ण ओढल्यावर ओझें उतरविणारें हें यंत्र तिला साह्य झालें.

ऑलिंपिक सामन्यांचीं दारें मात्र या धनुष्यास दीर्घ काळ बंद होतीं. १९७२ सालीं तिरंदाजी ऑलिंपिकमध्यें परत आली ती साध्या वळणाच्या धनुष्यासह. २०२८ च्या लॉस एंजलिस येथील स्पर्धेंत कंपाउंड धनुष्याच्या मिश्र जोडीचा सामना घेण्याचें अखेर २०२५ सालीं ठरलें. यंत्र आलें कीं विद्या गेली, असा आक्षेप घेणारे तिरंदाज अजूनहि आहेत. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. ओझें पेलून नेम साधण्याची जुनी कला स्वतंत्र आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु कप्पीनें परीक्षा सोपी केली असें मात्र म्हणतां येत नाहीं. तिनें फक्त प्रश्नपत्रिका बदलली. पूर्वीं बळ किती, हें विचारलें जाई. आतां स्थैर्य किती, हें विचारलें जातें. शिवधनुष्य आजहि उचलावयाचें आहेच. त्याचें वजन तेवढें दंडावरून मनावर आलें आहे.