पहिल्या पायरीवरचा न्यायाधीश

सर्वसामान्य माणसाला न्यायसंस्थेचे दर्शन घडते ते दिल्लीत नव्हे. ते घडते म्हापसा, डिचोली, फोंडा किंवा केपे येथील न्यायालयांच्या व्हरांड्यात. वडिलार्जित घराची वाटणी, न वटलेला धनादेश, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीची पोटगी, पोलिसांनी पकडून आणलेल्या मुलाचा जामीन, हे सारे प्रथम तेथेच उभे राहते आणि पुष्कळदा तेथेच संपते. वरच्या न्यायालयाची पायरी चढण्याची ऐपत कितीजणांना असते? तरीही सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांवर जेवढी शाई खर्ची पडते, तिच्या शतांशानेही या पहिल्या पायरीवरील न्यायाधीशांच्या निवडीची चर्चा होत नाही. ही उपेक्षा आम्हांस खेदजनक वाटते.

घटनाकारांनी मात्र ती केली नव्हती. २३३व्या कलमानुसार जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपालांनी उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करूनच करावयाची आहे. त्याखालील न्यायाधीशांच्या भरतीचे नियम लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय या दोहोंचे मत घेऊन ठरवावे, असे २३४वे कलम सांगते. नेमणुकीनंतर बढती, बदली, रजा यांचा सर्व ताबा २३५व्या कलमाने उच्च न्यायालयाच्या हाती सोपविला आहे. मंत्र्याचा वा कलेक्टरचा हात न्यायासनापर्यंत पोहोचू नये, हाच यामागील हेतू.

निवड कोणी करावी हा प्रश्न अशा रीतीने सुटला, तरी निवड कोणाची करावी हा वाद मात्र मिटलेला नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले. शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ साली ती अट काढून टाकण्यात आली आणि महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर थेट न्यायासनावर बसू लागला. २० मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ती अट पुन्हा लागू केली. वीस वर्षांचा अनुभव फारसा सुखावह नव्हता, हेच त्यामागील कारण.

या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पक्षकाराच्या चेहऱ्यावरील चिंता ज्याने कधी पाहिली नाही, साक्षीदार उलटतो कसा हे ज्याने अनुभवले नाही, त्याने केवळ पाठांतराच्या बळावर दुसऱ्याच्या मालमत्तेचा आणि स्वातंत्र्याचा निवाडा करावा, हे इष्ट नव्हे. परंतु नवशिक्या वकिलाची पहिली तीन वर्षे बहुधा रिकाम्या खिशाने जातात. ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही अशा हुशार मुलामुलींनी तो काळ काढावा कसा? त्यांच्या निर्वाहवेतनाची सोय झाली नाही, तर अनुभवाची ही अट सुखवस्तू घराण्यांचीच वाट मोकळी करील.

आमचे खरे म्हणणे मात्र पुढेच आहे. दार कितीही पारखून उघडले, तरी आत आलेल्या माणसाला घरात कसे वागविले जाते यावरच त्याचा कणा टिकतो वा वाकतो. मध्य प्रदेशात २०२३ साली सहा महिला दिवाणी न्यायाधीशांना परिवीक्षाकाळातील काम असमाधानकारक ठरवून सेवेतून कमी करण्यात आले. पुढे त्यांपैकी चौघींना परत घेण्यात आले. उरलेल्या दोघींसाठी सर्वोच्च न्यायालयाला २८ फेब्रुवारी २०२५ रोजी निकाल द्यावा लागला आणि ती कारवाई मनमानी व बेकायदा ठरली. त्या दोघींपैकी एकीने त्याच काळात गर्भ गमावल्याचे दुःख आणि आजारपण सोसले होते. निकाली काढलेल्या खटल्यांच्या कोष्टकात अशा दुःखाला रकाना नसतो!

हा दोष आजचा नव्हे. १९७४ साली समशेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, कनिष्ठ न्यायाधीशांचे पालकत्व उच्च न्यायालयाकडे आहे. त्यांची चौकशी सरकारच्या दक्षता खात्याकडे सोपविणे म्हणजे ते पालकत्व सोडून देणे होय. पन्नास वर्षे उलटली, तरी हा धडा पुरता गिरविला गेलेला नाही.

अमेरिकेतील अनेक राज्यांत खटले चालविणारे न्यायाधीश मतपेटीतून येतात आणि मतपेटीतूनच जातात. सौम्य शिक्षा दिली म्हणून कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथील मतदारांनी २०१८ साली एका न्यायाधीशाला घरी पाठविले. ती पद्धत आम्हांस नको. कारण पुढच्या निवडणुकीकडे डोळा ठेवणारा न्यायाधीश समोरच्या आरोपीकडे निर्विकारपणे पाहू शकत नाही. पण आमचा न्यायाधीश गोपनीय शेऱ्याकडे डोळा ठेवून बसू लागला, तर फरक तो काय राहिला? जामीन दिला तर संशय, नाकारला तर कोणी विचारीत नाही, अशी समजूत रुजली की भित्रा न्यायाधीश निर्माण होतो आणि त्याच्या भीतीची किंमत कोठडीतला कच्चा कैदी मोजतो.

याचा अर्थ नालायक वा भ्रष्ट न्यायाधीशाला अभय द्यावे असा मुळीच नव्हे. तो गेलाच पाहिजे. पण त्याला घालविताना कारण लेखी दिले जावे, प्रतिकूल शेरा त्याला वेळेवर कळावा, त्याचे म्हणणे ऐकून घेतले जावे आणि केवळ निकालांची संख्या हे मोजमाप नसावे. जो हक्क आपण खिसेकापूलाही देतो, तो न्यायाधीशाला नाकारणे विसंगत आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ ३० ऑक्टोबर १९८२ पासून गोव्यात आहे. गोव्यातील कनिष्ठ न्यायाधीशांचे पालकत्व म्हणजे दूरच्या शहरातील कारभार नव्हे. या पालकत्वाचा कस निवडीच्या दिवशी लागत नाही. एखाद्या तरुण न्यायाधीशाने बलवानाविरुद्ध निकाल दिल्यानंतरच्या सकाळी लागतो. त्या सकाळी वरिष्ठ त्याच्या पाठीशी उभे राहिले, तरच व्हरांड्यात ताटकळणाऱ्या माणसाला न्यायाची आशा धरता येईल.