शनिवारी थांबणारा घाणा

शनिवारी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर सुपारी मारुतीला तेल वाहणाऱ्यांची गर्दी असते. कोकणच्या किनाऱ्यावरचे काही तेली मात्र पिढ्यान्‌पिढ्या याच वारी घाण्याचा बैल सोडून स्वस्थ बसत. अलिबाग, पेण, पनवेलच्या मुलखात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. यहुदी धर्माची सुरुवात समजून घ्यायची तर मराठी वाचकाने त्यांचा हात धरूनच तिकडे जावं, असं मला मनापासून वाटतं. मंदिर, ग्रंथ, पुरोहित सगळं हातचं गेल्यावर या धर्मात काय टिकतं, ते कोकणात दिसतं. आणि हा धर्म घडला, तोही सगळं गमावल्यावरच.

परंपरेनुसार आरंभ अब्राहामापासून. मग इसहाक, याकोब, इजिप्तमधली गुलामी आणि मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेलं नियमशास्त्र. या कथा आज आपण वाचतो त्या रूपात फार नंतर लिहिल्या गेल्या. दगडावरचा पुरावा मात्र जुना आहे. इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात कनानमधला एक लोकसमूह म्हणून ‘इस्रायल’ हे नाव येतं. हा शिलालेख १८९६ मध्ये सापडला. त्या काळचा इस्रायली माणूस आजच्या अर्थाने एकेश्वरवादी नव्हता. गावोगावी वेद्या होत्या. सीनायच्या वाळवंटातल्या कुंतिल्लत अज्रुद इथे इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमाराचे लेख मिळाले, त्यांत यहोवा या त्यांच्या देवाच्या जोडीने अशेरा या देवीचंही नाव आहे. इ. स. पू. ६२२ च्या सुमारास योशिया राजाने गावोगावची स्थानं मोडून पूजा जेरुसलेमच्या एका मंदिरात आणली. पुढच्या चाळीस वर्षांच्या आतच, इ. स. पू. ५८६ मध्ये, बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने ते मंदिर जाळलं आणि अनेकांना बंदी करून नेलं.

देवाचं घर पडलं, की देव हरला असं मानायची तेव्हाची रीत होती. बाबिलोनच्या नद्यांकाठी बसलेल्या या माणसांनी ते मानलं नाही. आपला देव सगळ्या जगाचा आहे, बाबिलोनचाही, असं ते म्हणू लागले. बळी द्यायला वेदी नव्हती, म्हणून सातव्या दिवसाची विश्रांती, सुंता, खाण्यापिण्याचे नियम यांना मोल आलं. ती कुठेही पाळता येत होती. जुन्या कथा-कायद्यांचं संकलनही या काळात जोमाने झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे इराणच्या सायरसने परतायची मुभा दिली, इ. स. पू. ५१५ च्या सुमारास दुसरं मंदिर उभं राहिलं. इ. स. ७० मध्ये रोमनांनी तेही पाडलं. या वेळी मात्र मंदिरावाचून जगायची सवय अंगात मुरलेली होती.

आता नवगाव. अलिबागजवळच्या या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे वंशज म्हणजे आपण, अशी बेने इस्रायलांची आख्यायिका आहे. ग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते एवढंच: शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलाची सुंता, पंख आणि खवले असलेलाच मासा, आणि ‘शेमा’ ही एकच हिब्रू प्रार्थना, जी प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. बाबिलोनमध्ये मोल चढलेल्या गोष्टीच अलिबागकडच्या अष्टागरात टिकल्या. मला या साम्याचं फार अप्रूप वाटतं. सणांची नावंही इथली झाली: नव्याचा सण, खिरीचा सण. मंदिरविध्वंसाच्या उपासाला ते ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. जेरुसलेमचं दुःख कोकणात वालाच्या बिरड्याशी जोडलं गेलं.

हनुक्का हा सण मात्र त्यांना ठाऊक नव्हता. तो इ. स. पू. १६४ मधल्या जेरुसलेमच्या मंदिरशुद्धीचा. म्हणून यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा तर्क केला जातो. तर्क मोहक आहे, पण सण विसरलाही जाऊ शकतो. दुसऱ्या मतानुसार ते बऱ्याच नंतर आले.

डेव्हिड रहाबी नावाच्या परक्या यहुद्याने त्यांना ओळखलं आणि धर्माचरण शिकवलं, असं सांगतात. त्याच्या काळाबद्दल एकमत नाही. लेखी इतिहास १८व्या शतकापासून ठसठशीत होतो. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामुएल एझिकेल दिवेकरांनी, म्हणजे समाजी हसाजींनी, १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण दिलं आणि हरवलेली पोथी मराठी वाटेने परत आली. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रंगू लागली. हायिम सामुएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे १९६२ मध्ये प्रमुख धर्मगुरूंनी विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा फतवा काढला. ज्यांनी पोथीवाचून धर्म सांभाळला, त्यांच्याकडेच पुरावा मागणं हा घोर अन्याय होता. त्यांनी आंदोलन केलं, संसदेने १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं मान्य केलं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इथे आता थोडीच कुटुंबं राहिली आहेत. पण अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने नवस फेडायला माणसं अजून येतात, आणि गोड पोहे, खोबरं, फळं यांचा मलिदा इथेही होतो, इस्रायलमधल्या मराठी घरांतही होतो.